मित्रांसोबत युरोप: बारा रात्री, चार शहरं आणि निघण्याआधीचं काम

मित्रांचा गट युरोपची यादी करायला बसला की यादी लहान राहत नाही. पॅरिस कुणालाच सोडवत नाही. एकाला ॲमस्टरडॅम हवं असतं, दुसऱ्याला प्राग, तिसरी म्हणते रोम नसेल तर मी येतच नाही. कुणाचं मन मोडायला नको म्हणून सगळंच यादीत जातं आणि दोन आठवड्यांत नऊ शहरं असा बेत ठरतो. नकाशावर तो जमण्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात निम्मी सहल बॅगा भरण्यात, स्टेशन गाठण्यात आणि खोली मिळेपर्यंत ताटकळण्यात संपते. हे टाळता येतं, पण त्यासाठी एकही बुकिंग करण्याआधी काही गोष्टी एकमेकांशी मोकळेपणाने बोलाव्या लागतात आणि काही शहरं मनापासून सोडून द्यावी लागतात.

आधी पैसे, मग शहरं

मित्रांमध्ये पैशांचा विषय काढायला संकोच वाटतो, म्हणून तो शेवटपर्यंत पुढे ढकलला जातो. मग कुणीतरी मनातल्या मनात कुढत महागड्या हॉटेलला होकार देतो. त्यापेक्षा सोपा मार्ग असा: गटातल्या एकाकडे प्रत्येकाने स्वतंत्रपणे चार गोष्टी लिहून पाठवाव्यात. विमान आणि व्हिसा धरून जास्तीत जास्त किती खर्च झेपेल, कोणती एकच गोष्ट पाहिल्याशिवाय परत यायचं नाही, सकाळी सहज किती वाजता बाहेर पडता येतं, आणि खोली कुणाबरोबर वाटून घ्यायला चालेल. आकडे सगळ्यांसमोर नसल्यामुळे लोक खरं लिहितात.

राहणं आणि प्रवास हा खर्च सगळ्यांचा मिळून असतो, त्यामुळे तो सर्वांत कमी आकड्याला परवडेल असाच ठरवावा. ज्याच्याकडे जास्त पैसे आहेत त्याला ऑपेराचं तिकीट किंवा चांगलं जेवण स्वतःपुरतं घेता येतंच. याच्या उलट केलं तर सहलीवर एका मित्राला रोज काहीतरी कारण सांगून मागे राहावं लागतं, आणि ते फार वाईट असतं.

याच वेळी आणखी एक नियम लिहून ठेवा: ऐनवेळी कुणी गळाला तर काय? माझ्या मते न्याय्य पद्धत अशी की स्वतःच्या परत न मिळणाऱ्या तिकिटांचा तोटा ज्याचा त्याने सोसायचा, आणि सगळ्यांच्या नावे घेतलेल्या अपार्टमेंटमधला आपला वाटाही द्यायचा, जागा भरायला दुसरा कुणी मिळाला तरच सूट. हे आधी ठरलेलं असलं की पुढे मैत्रीवर ताण येत नाही.

संख्येबद्दलही थोडं. चार जण सगळ्यात सोयीचे. एका टॅक्सीत मावतात, दोन खोल्यांचं अपार्टमेंट पुरतं, रेल्वेत टेबलाभोवतीच्या चार जागा मिळतात. सहाच्या वर गेलात तर दोन लहान गट समजूनच आखणी करा. कामंही वाटून घ्या: एकाकडे गाड्या, एकाकडे राहण्याची सोय, एकाकडे व्हिसाची कागदपत्रं आणि तारखा, एकाकडे हिशोब. सगळं एकाच उत्साही मित्रावर पडलं तर तो निघायच्या आधीच थकलेला असतो.

शहरं नव्हे, रात्री मोजा

एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्याचा दिवस हा अर्धा दिवसच धरायचा. रोम ते फ्लॉरेन्स ही वेगवान गाडी दीड तासात जाते, खरं आहे. पण त्या दिवशी सकाळी बॅगा भरायच्या, दहा-अकराला खोली सोडायची, स्टेशनवर पोचायचं, उतरल्यावर नवी वस्ती शोधायची आणि बहुतेक ठिकाणी दुपारी तीनपर्यंत खोलीची वाट पाहायची. दीड तासाच्या प्रवासात पाच तास सहज जातात. गटात तर त्याहून जास्त, कारण सगळे मिळून सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने चालतात.

म्हणून हिशोब रात्रींचा ठेवा. दोन रात्री म्हणजे फक्त एक पूर्ण दिवस. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, ॲमस्टरडॅम यांना तीन रात्री हव्यात. पॅरिस, रोम, लंडन यांना चार. ढोबळ नियम म्हणून एकूण रात्रींना तीनने भागा: बारा रात्री असतील तर चार शहरं. पाचवं घुसवायचं असेल तर उरलेल्या चारांपैकी कुणाची रात्र कापायची ते ज्याचा आग्रह आहे त्यानेच सांगावं. हा प्रश्न विचारला की यादी आपोआप लहान होते. पोचण्याच्या दिवशी वेळ ठरलेलं कोणतंही तिकीट घेऊ नका; विमान उशिरा आलं तर ते वाया जातं.

यादीतून गळालेलं प्रत्येक ठिकाण हातचं जातं असंही नाही. एका ठिकाणी मुक्काम ठेवून दिवसभरात जाऊन येण्यासारखी कितीतरी गावं आहेत. पॅरिसहून व्हर्साय, व्हिएन्नाहून तासाभराच्या गाडीने ब्राटिस्लाव्हा, फ्लॉरेन्सहून पिसा आणि लुका, ॲमस्टरडॅमहून हार्लेम किंवा उट्रेख्ट, रोमहून ओर्व्हिएतो. बॅगा खोलीतच राहतात, आणि ज्यांना जायचं नाही ते शहरातच थांबू शकतात. गटासाठी याहून चांगली सोय नाही.

एक रेघ ओढा

उरलेली शहरं नकाशावर मांडा आणि मागे न वळता एका रेघेत जोडा. मग विमानाचं तिकीट एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परत येणारं शोधा. बुकिंगच्या पानावर याला मल्टी-सिटी म्हणतात. जिथे उतरलो तिथेच परत येण्याच्या हट्टापायी पूर्ण एक दिवस आणि एका रेल्वे तिकिटाचे पैसे जातात. मल्टी-सिटी तिकीट थोडं महाग दिसलं तरी हे दोन्ही धरून तुलना करा.

बारा रात्रींचा एक नमुना घेऊ. मूळ यादी अशी: पॅरिस, ॲमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, बार्सिलोना. बार्सिलोना एका टोकाला आहे. पॅरिसहून थेट गाडीलासुद्धा साडेसहा-सात तास लागतात. ते वेगळ्या सहलीसाठी ठेवायचं. पॅरिस आणि ॲमस्टरडॅम यांची जोडी छान जमते, साधारण साडेतीन तासांची थेट गाडी आहे आणि वाटेत ब्रसेल्स आहे. तीही स्वतंत्र सहल होऊ शकते. उरलेल्यात प्रागला तीन रात्री, व्हिएन्नाला तीन, व्हेनिसला दोन आणि रोमला चार. प्रागला उतरायचं, रोमहून निघायचं. बर्लिन सुटलं याचं वाईट वाटेल, पण ज्याची ती एकमेव निवड होती असा कुणी गटात नसेल तर ते सुटलेलंच बरं.

प्राग ते व्हिएन्ना गाडीने चार तास. व्हिएन्ना ते व्हेनिस दिवसाच्या थेट गाडीने सात तासांच्या आसपास, म्हणजे दिवस जातो, पण हा मार्ग १८५४ साली सुरू झालेल्या सेमरिंगच्या डोंगरी रेल्वेवरून जातो आणि खिडकीबाहेर आल्प्स असतात. दिवस वाचवायचा असेल तर नाइटजेट ही रात्रीची गाडी आहे. तिच्यात झोपण्याचे चार किंवा सहा बर्थ असलेले कूपे मिळतात आणि गटाला अख्खा कूपे स्वतःपुरता घेता येतो. त्यामुळे एका रात्रीचं हॉटेलभाडंही वाचतं. मात्र झोप हलकी असणाऱ्याला आधी विचारा. आणि नाइटजेट घेतली तर रात्रींचा हिशोब पुन्हा मांडा, कारण एक रात्र गाडीत जाते.

व्हेनिसहून रोमला जाताना फ्लॉरेन्स वाटेतच लागतं. सकाळी निघून दोन तासांत तिथे उतरा, सांता मारिया नोव्हेला स्टेशनवर सामान ठेवा, चालत दहा-पंधरा मिनिटांत कॅथेड्रलपाशी पोचाल. दिवसभर फिरून संध्याकाळच्या गाडीने रोम. मुक्काम न करता एक शहर पदरात पडतं. फक्त त्या दिवशी उफ्फिझीसारखं मोठं संग्रहालय ठरवू नका. रस्ते, चौक आणि नदीकाठ एवढंच पुरे आहे.

व्हिसा: मार्ग पक्का झाल्यावरच

ज्यांच्या पासपोर्टला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत फिरू देणारा एकच व्हिसा, लागतो त्यांच्यासाठी हा टप्पा सगळ्यात नाजूक. शेंगेन क्षेत्रात आज २९ देश आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नसूनही त्यात आहेत, तर आयर्लंड युनियनमध्ये असूनही बाहेर आहे. ब्रिटनचा व्हिसा पूर्णपणे वेगळा. मधेच लंडनला जाऊन पुन्हा पॅरिसला यायचं असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा हवा, नाहीतर परतीच्या दारावर अडकाल.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा यात गट हमखास गोंधळतात. नियम असा की ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे, आणि दिवस सारखे असतील तर ज्या देशात आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. आपल्या नमुन्यात उतरणं प्रागला आहे, पण इटलीत दोन आणि चार मिळून सहा रात्री होतात. म्हणून अर्ज इटलीकडे. शहरांच्या रात्री बदलल्या की हे उत्तर बदलू शकतं, म्हणूनच मार्ग पक्का होईपर्यंत अपॉइंटमेंट घेऊ नये.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंटच मिळत नाही. तीन-चार महिने आधी सुरुवात केलेली बरी. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला लागतो. गटातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट पहिल्याच आठवड्यात तपासा. नूतनीकरणाला वेळ लागतो आणि एकामुळे सगळे थांबतात.

प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्र असतो आणि निकालही. हॉटेलच्या बुकिंगवर सगळ्यांची नावं असू द्या. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारीच बुकिंग करा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर प्रवेश आणि निर्गमनाची डिजिटल नोंद सुरू झाली आहे, तेव्हा उतरल्यावर रांगेसाठी वेळ धरा आणि पुढच्या गाडीचं तिकीट अगदी चिकटून काढू नका.

केव्हा जायचं

मे, जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर चांगले. ऑगस्टमध्ये इटलीत उकाडा असतो आणि १५ ऑगस्टच्या आसपास बरीच लहान दुकानं-खानावळी बंद असतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धात ऑक्टोबरफेस्टमुळे म्युनिचमध्ये राहणं फार महाग होतं. डिसेंबरमध्ये नाताळचे बाजार सुंदर असतात, पण बर्लिनमध्ये चारच्या आतच सूर्य मावळतो, म्हणजे बाहेर पाहायच्या गोष्टी दुपारीच उरकाव्या लागतात.

पास घ्यायचा की तिकिटं?

युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी अनेक देशांच्या गाड्यांत चालणारा युरेल हा रेल्वे पास आहे आणि तो घेतला की सगळे प्रश्न सुटतात असा समज आहे. तसं नाही. फ्रान्सच्या टीजीव्ही, युरोस्टार, इटली आणि स्पेनच्या वेगवान गाड्या यांत पास असूनही जागेचं आरक्षण वेगळे पैसे देऊन करावं लागतं, आणि काही गाड्यांत पासधारकांसाठी जागा मर्यादित असतात. चार जणांना एकाच गाडीत त्या मिळतीलच असं नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नसते, तिथे पास खुलतो. ज्या गटाला मनात येईल तिथे उतरायचं आहे त्याने पास घ्यावा. ज्याच्या तारखा ठरल्या आहेत त्याने आधीच तिकिटं काढावीत. चार शहरं आणि तीन प्रवास एवढ्यासाठी मी तरी पास घेणार नाही.

स्वस्त तिकिटं आधी संपतात. विक्री साधारण तीन ते सहा महिने आधी उघडते. ही तिकिटं त्याच गाडीपुरती असतात, हुकली की गेली. म्हणून सकाळी सातची स्वस्त गाडी मोहात पाडत असली तरी गटातल्या उशिरा उठणाऱ्याला आठवून दहाची घ्या. तिकिटं रेल्वेच्याच संकेतस्थळावरून काढावीत: ऑस्ट्रियासाठी ओबीबी, जर्मनीसाठी डॉइच बान, इटलीसाठी त्रेनितालिया किंवा इतालो. इटलीत कागदी प्रादेशिक तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावं लागतं. विसरल्यास दंड होतो. म्युनिच मार्गात असेल तर बायर्न-टिकेट लक्षात ठेवा. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत बव्हेरियात दिवसभर प्रादेशिक गाड्यांनी फिरता येतं, साल्झबर्गपर्यंतही जाता येतं, फक्त कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर. आणि गाडी तासाभराहून जास्त उशिरा पोचली तर भाड्याचा २५ टक्के, दोन तासांच्या वर गेल्यास ५० टक्के परतावा मागता येतो. तिकीट जपून ठेवा.

स्वस्त विमानं लांबच्या पल्ल्यालाच घ्यावीत. तिकीट स्वस्त असतं, पण त्यात फक्त सीटखाली मावेल एवढीच पिशवी धरलेली असते, आणि विमानतळ दूर असू शकतो. पॅरिसच्या नावावर विकला जाणारा बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. सामान आणि बसचं भाडं मिळवून मगच गाडीशी तुलना करा. भाड्याची मोटार एका देशात घेऊन दुसऱ्यात सोडली तर मोठं शुल्क लागतं, आणि इटलीतल्या जुन्या शहरांत झेडटीएल म्हणजे मर्यादित वाहतूक क्षेत्रात शिरल्याचा दंड घरी पोचल्यावर येतो. शहरांच्या सहलीला मोटार नकोच.

राहणं

गटासाठी अपार्टमेंट स्वस्त पडतं, स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचं यंत्र मिळतं, संध्याकाळी सगळे एकत्र बसतात. पण बुकिंगआधी पाहायच्या गोष्टी: खरे पलंग किती आणि सोफे किती, न्हाणीघरं किती, कितवा मजला आणि लिफ्ट आहे का, किल्ली किती वाजेपर्यंत मिळते, सामान आधी ठेवता येतं का. दोन रात्रींच्या मुक्कामाला अपार्टमेंटचं स्वच्छता शुल्क धरलं की हॉटेलच्या दोन खोल्या बऱ्याचदा बरोबरीला येतात. पर्यटन कर बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो आणि जागेवर भरावा लागतो, असं कित्येक ठिकाणी असतं. ॲमस्टरडॅममध्ये तो २०२४ पासून खोलीभाड्याच्या १२.५ टक्के आहे. व्हेनिसमध्ये ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश शुल्क आहे. मुक्कामी पाहुण्यांना सूट असते, पण तिची ऑनलाइन नोंद करून कोड घ्यावा लागतो.

मध्यवर्ती भागाच्या हट्टापेक्षा मेट्रोच्या थांब्याजवळ राहणं महत्त्वाचं. व्हेनिसला मात्र पैसे थोडे जास्त देऊन बेटावरच राहा, कारण दिवसाची गर्दी परतल्यावरची संध्याकाळ आणि पहाट हेच तिथलं सर्वांत सुंदर असतं.

तिकिटं आणि बंद दरवाजे

कोणत्याही शहरात दिवसाला वेळ ठरलेलं एकच मोठं तिकीट, त्याहून जास्त नको. रोमच्या कोलोसियमची तिकिटं भेटीच्या ३० दिवस आधी खुली होतात आणि त्यांवर नाव असतं, म्हणून पासपोर्टप्रमाणे नावं लिहा. ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक हाउसची तिकिटं दर मंगळवारी सहा आठवडे पुढच्या आठवड्यासाठी निघतात. संग्रहालयांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या: लूव्र मंगळवारी, ओर्से आणि उफ्फिझी सोमवारी, व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडून बाकी रविवारी बंद. पॅरिसचं पॉम्पिडू सेंटर नूतनीकरणासाठी सप्टेंबर २०२५ पासून बंद आहे आणि ते २०३० मध्ये उघडायचं आहे. प्रत्येकाने सुरुवातीला लिहिलेली ती एक गोष्ट आधी बुक करा, मग बाकीचं.

जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच किराणा भरून ठेवा.

तिथे गेल्यावर

रोजच्या खर्चासाठी स्प्लिटवाइजसारखं ॲप वापरा आणि नोंद त्याच क्षणी करा. किराणा, टॅक्सी, मेट्रो यांच्यासाठी सगळ्यांनी सारखी रक्कम काढून एक सामायिक पाकीट केलं तर बारीकसारीक नोंदी वाचतात. झेकियात, म्हणजे प्रागला, युरो नव्हे तर कोरुना हे चलन आहे. कार्डाच्या यंत्राने कोणत्या चलनात पैसे घ्यायचे असं विचारलं तर नेहमी स्थानिक चलन निवडा, नाहीतर वाईट दराने रूपांतर होतं.

दर दोन-तीन दिवसांनी अर्धा दिवस वेगळं व्हा. एकाला चित्रं तासभर पाहायची असतात, दुसऱ्याला दहा मिनिटांत बाहेर यायचं असतं, आणि दोघंही बरोबर असतात. संध्याकाळी भेटायची जागा आणि वेळ नक्की ठेवली की पुरे. फोन बंद पडला तर काय, हेही ठरवा. मुक्कामाचा पत्ता प्रत्येकाकडे कागदावर असू द्या. युनियनभर आपत्कालीन क्रमांक ११२.

शेवटची रात्र निघायच्या शहरातच घालवा, दुसऱ्या गावाहून थेट विमानतळ गाठायचा विचार करू नका. इटलीत रेल्वेचे संप अधूनमधून होतात, पण ते आधी जाहीर केलेले असतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा चालू ठेवली जाते. आदल्या दिवशी संपाची यादी पाहा. रोमच्या तेर्मिनी स्टेशनहून फ्युमिचिनो विमानतळाला लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत नेते. शहराच्या मध्यभागातून टॅक्सीचं भाडंही ठरलेलं असतं, त्यामुळे चार जण आणि चार बॅगा असतील तर दोन्हीची किंमत आदल्या रात्री मांडा, आणि त्याच बैठकीत सामायिक पाकिटात उरलेले पैसे वाटून हिशोब मिटवून टाका.